तळमजल्यावरचा खांब

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा. तुझा पत्ता आईला ठाऊक आहे. ती सांगत नाही, मीही विचारत नाही. तेव्हा हे पत्र माझ्याच खिशात राहणार.

तळमजल्यावरचं आपलं दुकान ऐसपैस दिसावं म्हणून तू मधला खांब पाडलास आणि सगळी बिऱ्हाडं पोटात घेऊन चार मजले खाली आले. मागची भिंत तेवढी उभी आहे. तिच्यावर एकेका खोलीचा रंग अजून दिसतो. मी बोर्ड रंगवायचं काम सोडून तिथे परांची बांधली आणि त्या खोल्यांत अंदाजानेच माणसं रंगवली. एकीत बाई कपडे वाळत घालतेय, एकीत बाप्या आरशापुढे दाढी करतोय.

त्या ढिगाऱ्यात गेलेल्या शिंप्याची बायको बघायला आली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. ती म्हणाली, "आमच्या ह्यांना तर हातभर दाढी होती. पण राहू दे. घरात कुणीतरी आहे."

तळमजल्यावर मात्र माणूस सुचेना. तिथे मी तू पाडलेला खांब रंगवला, पार छतापर्यंत.

काल आई आली. "यात माझा थोरला कुठाय रे?"

मी खांबाकडे बोट दाखवलं. मी ओरडेपर्यंत ती त्याला पाठ टेकून खाली बसली. रंग ओला होता.

तशीच, पाठभर रंग घेऊन, ती भर बाजारातून घरी आली. सगळ्यांनी पाहिलं.

अजूनही तुझाच,
धाकटा