आठव्या गाण्यावरचा ओरखडा

जैनथ, ११ जून

प्रिय नागेश,

जयभीम. सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये तुझ्या त्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची अकराही गाणी आहेत. त्या दिवशी संध्याकाळी पाठवायची राहून गेली. फोनवरून पाठवली असती, पण तसं केलं की दर्जा उतरतो, असं तूच म्हणाला होतास. शिवाय मला हे पत्र लिहायचंच होतं. फोनवर तुझ्या मागे सारखं कोणीतरी बोलत असतं, मग मला काही सुचत नाही.

तुझी माय जाऊन तेवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू विचारलंस, "मामा, दाराला कायम कडी असायची, मग ती बाहेर पडली कशी?" मी म्हणालो, लावायची राहिली असेल एखाद्या वेळी. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तो हात अजून उतरला नाही माझ्या खांद्यावरून.

दोन वर्षांपूर्वीपासून अक्काचं डोकं रिकामं होत गेलं, ते तुला माहीत आहे. मला भाऊ म्हणून ओळखेना. रेडिओ दुरुस्त करायला आलेला माणूस समजून झापायची, "झाला नाही का रेडिओ? अन् आमच्याच घरी काऊन राहून राह्यले तुमी?" जेवणाचं तर नावच नको. मग एकदा तुझ्या पेटीत त्या गेमची जुनी डिस्क सापडली. गंमत म्हणून साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली. आधी नुसती खरखर, तो गेमचा भाग. पुढच्या नंबरापासून एकेक गाणं खणखणीत. शिकलेल्या माणसाला हे ठाऊक असेल, मी मात्र लहान पोरासारखा नाचलो. तेवढ्यात चुलीपाशून तुझ्या मायचा आवाज, "नागेश, आवाज कमी कर! अन् जेवाले ये, भाकर थंडी होऊन राह्यली." दोन ताटं वाढली तिनं. तुझ्या ताटासमोर बसून स्वतः पोटभर जेवली.

तेव्हापासून रोज तेच. गाणं चालू म्हणजे तू आतल्या खोलीत. दोन वर्षं तिला तुझ्या नावानं फसवलं अन् तिचं पोट भरलं. तुझं ताट मी संपवायचो, पोट सुटलंय माझं. तुला हे सांगितलं नाही. तू हसशील असं वाटायचं, कधी वाटायचं की हसणार नाहीस.

मग मे महिन्यात तुझे मेसेज आले. तुमच्या जुन्या गेमवाल्या मंडळींत ही गाणी कोणाकडेच चांगली नाहीत म्हणे. मी हौसेनं स्पीकरसमोर मोबाइल धरून पाठवली, तर तू लिहिलंस, "मामा, गाण्यापेक्षा पंखाच जास्त वाजून राह्यला." खूप हसलो. मग तू सांगितलेला प्रोग्राम शिकलो. डिस्कचा एकेक तुकडा तो दोनदा वाचतो, दोन्ही जुळले तरच पुढे सरकतो. या वयात जमलं म्हणून काय मिरवलो मी! चार दिवसांत तुझे सात मेसेज. शेवटचा, "आजच पाहिजे." माय कशी आहे, हे एकातही नव्हतं, पण घाईत माणूस विसरतो.

डिस्क एकच. ती कॉम्प्युटरात गेली की प्लेअर मुका. त्याच दिवशी सकाळी नऊला घातली. सात गाणी भराभर निघाली, आठव्यावर रुतलं. तो ओरखडा तुला आठवत असेल. तू दहावीत नापास झालास तेव्हा मायनं डिस्क अंगणातल्या मुरमात भिरकावली होती. तू रडायला लागलास तशी तिनंच ती उचलली अन् पदरानं घासूनघासून पुसली. बरोब्बर तिथंच प्रोग्राम अडून बसला.

कडी लावायची राहिली नव्हती, नागेश. घर मुकं झालं तशी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "नागेश गेला का? न जेवता?" मी पडद्यावरची नजरही न काढता म्हणालो, "हो, गेला आत्ताच." नुसतं तिला गप्प करायला. "मंग दार उघड," म्हणाली, अन् मी उठून कडी काढून दिली. वाटलं, अंगणात बसेल. ती फडक्यात भाकर बांधून स्टँडवर गेली. साडेबाराला तिथल्या पानठेल्यावरून मारोतरावाचा फोन आला, "भिवादादा, अक्का उनात बसून राह्यली. सावलीत येत नाही, म्हणते तिथून पोरगं दिसत नाही. पाणीबी पेत नाही, पोरगं उपाशी हाये म्हणते." पडद्यावर नव्वद टक्के दिसत होते. तिला घरी आणलं की डिस्क काढून प्लेअरवर गाणं लावावं लागणार, अन् मधेच थांबवलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, "आलोच." स्टँड पाच मिनिटांवर. मी निघालो सव्वा वाजता. मारोतराव तिच्या डोक्यावर पोतं धरून उभा होता, अन् भाकरीचं फडकं तिच्या मुठीतून आम्हा दोघांना सोडवता आलं नाही.

आठवं गाणं नीट ऐक. एकदम स्वच्छ निघालंय, ओरखड्याचा मागमूस नाही.

तुझाच,
भिवामामा