पगारी बास्केटबॉल संघ, मुक्काम जळगाव

॥ श्री ॥
धुळे, ४ ऑक्टोबर १९९३

स्वस्ति श्री सकलगुणालंकृत, कार्पासकुलभूषण, जिनिंगप्रेसिंगाधिपती, सरकीसम्राट, नगरपालिकेच्या गत निवडणुकीत अल्प मतांनी पराभूत परंतु अनल्प उत्साहाने पुनरुत्थित, कंदुकक्रीडाकल्पद्रुम, अस्मद्भगिनीसौभाग्यनिधान, जावईबापू श्री. शालिग्रामराव यांस धुळेनिवासी, संस्कृताध्यापनजीवी पितांबराचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण व चि. सौ. कुंदा क्षेमकुशल असाल. मी नाही. काल महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या रुपचंदसरांनी माझे अभिनंदन केले. कशाबद्दल, ते मला ज्ञात नव्हते. मग त्यांनी वर्तमानपत्र पुढे सरकवले. छायाचित्रात आपण होता, आपल्या कंठी झेंडूचा हार होता, आणि आपल्याहून दीड वीत उंच अशी माझी कन्या प्रमिला होती. खाली मजकूर असा की खानदेशातील पहिल्या पगारी महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार म्हणून तिची नियुक्ती झाली आहे. मी मुलगी आपल्या घरी एम. ए. करण्यास ठेवली होती. आपण तिला नोकरीस ठेवलीत. पित्यास हे वृत्त पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाकडून मिळावे, ही पद्धत कोणत्या स्मृतीत सांगितली आहे, ते कळवावे.

आता मुख्य विषय. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत, खेळाडूंच्या कोट्यातून, प्रमिलेस कारकुनाची कायम नेमणूक आली आहे. नोव्हेंबरअखेर रुजू व्हायचे आहे. मी कळवले, तर तिचे उत्तर आले की ती जळगावीच खेळणार आहे. मी ते उत्तर चार वेळा वाचले. अक्षर तिचे, बुद्धी आपली.

शालिग्रामराव, जळगाव हे कॉलेजांचे गाव आहे म्हणून तिथे पगारी संघ पोसला जाईल, हा आपला सिद्धान्त. मी तीस वर्षे विद्यार्थी नामक प्राण्याचे निरीक्षण करीत आहे. तो सामना कुंपणाच्या भिंतीवर बसून पाहतो. भिंत उंच केली तर तो शेजारच्या लिंबावर चढतो. लिंब तोडला तर तो घरी जातो. परंतु खिशात हात घालीत नाही. उरले नागरिक. चैत्र-वैशाखात ते लग्नांत असतात, आषाढात पेरणीत, आणि दिवाळीनंतर कापसाच्या गाडीवर. आपल्या जिनाच्या आवारात जे मैदान आपण सिमेंटने बांधले आहे, त्यावर नोव्हेंबरात कापसाच्या गंज्या लागतात, ही गोष्ट जिनमालकाच्या ध्यानी न यावी, याचे मला कौतुक वाटते.

मुलीस ताबडतोब परत पाठवावे. लोभ आहेच, तूर्त तो संतापाखाली दबला आहे, इतकेच.
आपला, पितांबर

जळगाव, ११ ऑक्टोबर १९९३

ती. नानांस शालिग्रामचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राच्या पहिल्या ओळी कुंदाने मोठ्याने वाचल्या तेव्हा मला वाटले, कुठल्याशा मंडळाने माझा सत्कार ठेवला आहे. पुढे वाचल्यावर तिने पत्र माझ्या हातात दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तुमच्या बहिणीचा राग तुमच्यावर की माझ्यावर, हे अजून तिने सांगितलेले नाही.

नाना, मी शिकलो अमळनेरला इंटरपर्यंत. मला स्मृती माहीत नाहीत. पण मला गिऱ्हाईक माहीत आहे. आपल्याकडे जत्रेत कुस्तीच्या दंगलीला माणूस पैसे देऊन उन्हात बसतो. तमाशाच्या तंबूला रांग लागते. तोच माणूस आपल्या पोरींचा खेळ बघायला का येणार नाही? तुमच्या धुळ्यात नसेल येत. जळगावात नवे विद्यापीठ झाले, चार वसतिगृहे भरली, केळीचा व्यापारी संध्याकाळी करमणूक शोधत फिरतो. महिन्याला एक सामना, बाहेरचा संघ बोलवायचा, मुलींना दरमहा पगार. यात अधर्म कोणता?

गंज्यांचे मला शिकवू नका. भागीदाराशी भांडून अर्धे आवार मोकळे ठेवले आहे.

आणि मुलीला मी फूस लावली, हे मात्र परत लिहू नका. तिने स्वतः येऊन विचारले की फुवा, मला पगारावर घेता का. तीन वर्षे ती या गावात खेळते आहे. विद्यापीठाचा संघ तिच्यामुळे जिंकला तेव्हा सगळे जळगाव होते. धुळे किती लांब आहे नाना? एसटी दर अर्ध्या तासाला सुटते. तुम्ही एकदाही आला नाहीत. ज्याने पोरीचा खेळ पाहिला नाही, त्याने तिच्या खेळाची किंमत मला सांगू नये.

पहिला सामना ७ नोव्हेंबरला. कुंदाचा नमस्कार. माझाही आहे, जेवढा शिल्लक आहे तेवढा.
शालिग्राम

जळगाव, १५ नोव्हेंबर १९९३

ती. नाना व ती. आईस प्रमिलेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र कुंदाफुईने मला दाखवले. फुवांचे उत्तरही दाखवले. तुम्ही दोघे माझ्यावरून इतके छान भांडता, की मध्ये मला काही विचारायचे राहून गेले तर नवल नाही.

सिकंदराबादला काय आहे ते मी तिथल्या मुलींकडून ऐकले. दिवसभर फायली लावायच्या आणि स्पर्धा आली की थोडे दिवस रजा मिळते, तेव्हा खेळायचे. इथे मी रोज सकाळ-संध्याकाळ खेळते आणि त्याचाच पगार मिळतो. माझे गुडघे काही वर्षेच चालणार आहेत नाना. फायली पुढेही मिळतील. म्हणून मी रुजू होणार नाही. हे फुवांचे म्हणणे नाही, माझे आहे. रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा. त्यांच्या वाट्याचा राग मला हवा आहे.

आता पहिल्या सामन्याचे सांगते, कारण रुपचंदसर ते वर्तमानपत्रातून सांगण्याआधी तुम्हाला कळावे.

गर्दी खूप झाली. तिकीट मात्र जवळजवळ कोणी काढले नाही. फुवांचे मूळ गाव मारवड, आणि मारवडहून ट्रॅक्टर भरभरून भाऊबंद आले. फाटकावर फुई तिकिटे घेऊन बसली होती. सगळ्यांत पुढे फुवांचे चुलते उखर्डूतात्या. फुईने भीत भीत तिकीट पुढे केले, तर त्यांनी आश्चर्याने विचारले की आम्हले कसानं तिकिट, आम्ही तर पाव्हणा. फुवा धावत आले आणि हात धरून त्यांना आत घेऊन गेले. मग बठ्ठं मारवड आत. कॉलेजच्या मुलांनी हे पाहिले आणि तीही मारवडची झाली. एका पंजाबी मुलानेसुद्धा आपण उखर्डूतात्यांचा नातू असल्याचे सांगितले. त्या संध्याकाळी मारवडची लोकसंख्या जळगावपेक्षा जास्त भरली.

आणि पाहुणे आले म्हटल्यावर फुवांना राहवेना. सामना थांबवून त्यांनी वडीलधाऱ्यांना टॉवेल-टोपी दिली. पंचांनाही दिली. नागपूरच्या कर्णधार मुलीला फुईने कुंकू लावून खण दिला. ती तो हातात घेऊनच मैदानात उभी राहिली. मी इतकी चिडले की पहिले तीन नेम चुकले.

फुवांच्या जिनातल्या भागीदारांनी, पंडितशेठनी, स्पष्ट सांगितले आहे की १२ डिसेंबरला इंदूरशी सामना आहे. तोही असाच फुकट झाला तर मैदानावर कापूस. फुवांना मी म्हटले, भाऊबंदांना सांगा. ते म्हणाले, मी मेलो तरी पाहुण्याकडे तिकीट मागणार नाही. म्हणजे १३ तारखेला मला सिकंदराबादही नाही आणि जळगावही नाही.

आईला सांगा, मी जेवते. तुमच्या रागाची वाट पाहणारी,
प्रमिला

धुळे, २० नोव्हेंबर १९९३

चि. प्रमिलेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. मागणीनुसार राग सोबत पाठवीत आहे. पोच द्यावी.

तुझा निर्णय मला मान्य नाही. तो तुझा आहे, हे मान्य आहे. या दोन वाक्यांत विरोध दिसत असल्यास तो तसाच राहू दे; माझ्याने मिटत नाही. तुझी आई म्हणते की पोर आपली शे, तिला टोचून लिहू नका. म्हणून टोचण्याचा मजकूर खोडून काढला आहे. कागद उजेडासमोर धरल्यास वाचता येईल.

परंतु त्या मारवडकरांविषयी मला जे वाटते त्यास देववाणीतही शब्द नाहीत, आणि मी कोश उघडून पाहिला. पाहुणचार हे ज्यांचे शस्त्र आहे, अशा सैन्यापुढे तुझे फुवा निःशस्त्र आहेत. जो मनुष्य पंचांना टोपी घालतो, तो दुकान चालवू शकत नाही. तो फक्त बारसे चालवू शकतो. त्याच्या हातात तुझे भवितव्य आहे, या विचाराने मी रात्री कूस बदलतो आणि तुझी आई मला गप्प पडण्यास सांगते.

१२ तारखेस मी येणार नाही. माझ्या येण्याने एक फुकट्या पाहुणा वाढेल, एवढेच.

गुडघ्यांस जपावे. रागासह आशीर्वाद कायम.
तुझा, नाना

जळगाव, १३ डिसेंबर १९९३

नाना,

नमस्कार कुंदाने लिहायला सांगितला म्हणून लिहितो.

येणार नाही म्हणून कळवलेत आणि आलात. घरी आला नाहीत. चहा घेतला नाहीत. बायकोचा थोरला भाऊ माझ्या गावात येतो आणि परक्यासारखा काळा कोट घालून फाटकावर रांगेत उभा राहतो. पुढे आख्खे मारवड, मागे आख्खे मारवड. आणि तुमचा नंबर आल्यावर तुम्ही, जन्मभर वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेल्या त्या आवाजात, स्वतःच्या सख्ख्या बहिणीकडे तिकीट मागता.

कुंदाने दिले नाही. तिने हात मागे घेतला आणि रडायला लागली. मी पळत आलो, तुमचा दंड धरला, आत चला म्हणून विनवले. तर तुम्ही नोट वर धरून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालात, की जावयाच्या दुकानातून फुकट माल नेण्याइतके आम्ही सोनगीरचे लोक अजून भिकेला लागलेलो नाही. माझ्या लग्नात सोनगीरला, तुमच्या मूळ गावी, तुमच्या घराने माझे पाय धुतले होते नाना. त्याची तुम्ही काल व्याजासकट वसुली केलीत.

उखर्डूतात्या तोवर फाटकाच्या आत गेले होते. ते परत बाहेर आले. नवरीकडचा पाव्हणा पैसा देस आनि आम्ही घरना फुकट कसा जावूत, असे म्हणून त्यांनी कमरेची पिशवी सोडली. तात्यांनी काढल्यावर मागे कोण राहणार? सोनगीरपेक्षा मारवड कमी दिसायला नको म्हणून काहींनी न आलेल्या बायकांचीही तिकिटे काढली. पोरे लिंबावरून उतरली. तिकिटे संपली, तर पंडितशेठने कोऱ्या कागदावर जिनाचे शिक्के मारून दिले.

सामना आपण हरलो, दोन गुणांनी. पण पंडितशेठने होळीपर्यंत मैदान मोकळे ठेवायचे कबूल केले आहे. याचा आणि तुमचा काही संबंध नाही. तुम्ही भर फाटकात माझी अब्रू घेतलीत, आणि सामना संपल्यावर पोरीशी दोन शब्द बोलून, मला न भेटता शेवटच्या एसटीने निघून गेलात. ती तेव्हापासून हसते आहे. काय बोललात, ते सांगत नाही. मला हेही आवडलेले नाही.

कुंदा म्हणते, संक्रांतीला या. मी म्हणत नाही.
शालिग्राम

धुळे, १७ डिसेंबर १९९३

स्वस्ति श्री वगैरे, सर्व बिरुदे पूर्ववत, त्यांत पाहुणचारपीडित हे एक नवे जोडून, श्री. शालिग्रामराव यांस पितांबराचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. अपमान झाला असे आपण लिहिता. तो व्हावा याच हेतूने मी तीन तास एसटीत उभा राहून आलो होतो. हेतू सफल झाल्याचे लेखी प्रमाणपत्र दिल्याबद्दल आभारी आहे. कुंदा रडली, याचे मात्र मला वाईट वाटते. तिला सांगावे की भाऊबीजेला ती मला ओवाळते तेव्हा ताटात मी जे घालतो ते ती बिनतक्रार घेते. हे तेच समजावे, केवळ ताट फाटकावर होते.

माझे मत बदलले आहे, असा गैरसमज करून घेऊ नये. जळगावात पगारी संघ चालणार नाही, हे मी शास्त्रतः सिद्ध केले आहे, आणि तो होळीपर्यंत चालला तर दोष शास्त्राचा नव्हे, मारवडचा. होळीनंतर काय? प्रत्येक सामन्याला अपमान करण्यासाठी मी येऊ शकत नाही. माझ्या नैमित्तिक रजा संपल्या आहेत. आता फाटकावर कुंदाऐवजी नात्याबाहेरचा मनुष्य बसवावा. जळगावात तसा न सापडल्यास गुजरातेतून आणावा.

सिकंदराबाद गेले. त्याचा संताप कायम असून तो हप्त्याहप्त्याने कळवीत राहीन.

प्रमिलेचा खेळ मी पाहिला. उत्तरार्धात तिने एकदा मैदानाच्या मध्यापासून मुसंडी मारली, दोघी इंदूरकर आडव्या आल्या, आणि ती वर गेली. वर गेलेली वस्तू खाली येते, हे रुपचंदसरांचे मत मी आजवर मानीत आलो. ती येईना. तेवढ्या अवकाशात, आपल्याला ऐकवण्यासाठी धुळ्याहून पाठ करून आणलेला मजकूर मी विसरलो, म्हणून आपल्याला न भेटता गेलो. तिच्याशी काय बोललो, ते आपल्याला सांगण्याजोगे नाही. व्याकरणदृष्ट्या ते वाक्यच नव्हते.

क्रोध यथास्थित, लोभ त्याच्या पोटात. संक्रांतीचे कुंदाला कळवतो, आपल्याला नव्हे.
आपला, पितांबर

ता. क. : तिकीट काढूनही मला जी खुर्ची मिळाली ती कापसाच्या गंजीला खेटून होती. माझ्या काळ्या कोटाला पाठीपासून बाह्यांपर्यंत रुई चिकटली आहे. प्रमिलेच्या आईने ब्रश मारला तर ती आणखी आत गेली. धोबी भटू म्हणतो की हा कोट नव्हे, उशी आहे, आणि उशा तो घेत नाही. सोमवारी प्राचार्यांचा निरोपसमारंभ आहे, भाषण माझे आहे, दुसरा कोट नाही. आपण जन्मभर कापसात आहात. ही रुई कशाने निघते, ते आपल्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही.