दोरी, बांगडी आणि कांताबाईंची चादर

गणेशपेठ, नागपूर
मार्च १९७४

ती. आक्का, तुमच्या पायांशी तुमच्या धाकट्या भावजयीचा, बायजाचा, नमस्कार. गुडघे कसे आहेत? मी दिलेलं निरगुडीचं तेल लावता, की आल्यागेल्याला दाखवून पुन्हा फळीवर ठेवता? रुपराव भाऊजींना हातमागांच्या खडखडाटाने हल्ली कमी ऐकू येतं म्हणता. एका परीने बरंच आहे, कारण कामठीत सध्या माझ्याबद्दल जे बोललं जातं ते त्यांच्या कानावर न गेलेलं चांगलं. तुमच्या शामलाला आशीर्वाद. लग्न ठरलेल्या मुलीने भर उन्हात फिरू नये म्हणावं. मी बरी आहे. शिवणयंत्र कुरकुरतं, मी कुरकुरत नाही.

तुमचं कार्ड पोचलं. (आक्का, असला मजकूर कार्डावर लिहू नये. आंतरदेशीय मिळतं, ते चिकटवता येतं. पोस्टमनने कार्ड देताना आधी माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि मग शेजारच्या शालिकराम भाऊंच्या दाराकडे.) तुम्ही लिहिता की मी हातात लाल बांगडी भरली, शेजारच्या विधुराशी पाट लावला, आणि हे खरं असेल तर शामलाच्या लग्नात मी मांडवात पाय ठेवू नये. तुमचे भाऊ गेल्यापासून त्यांच्याविषयी बोलायला मला तुमच्याखेरीज कुणी नाही. शामलाला त्यांनी खांद्यावर बसवून कन्हानचा बाजार दाखवलेला. तो मांडव मला बंद झाला तर मी कुठे जाऊन त्यांचं नाव काढू? म्हणून जे झालं ते सगळं लिहिते. आधी वाचा, मग ठरवा.

सुरुवात दोरीपासून झाली. तुम्हाला आठवत असेल, खापरखेड्याच्या कॉलनीत कुणाचा वाढदिवस असो, बारसं असो, हे बिजलीघरातून यायचे, अंघोळ करायचे आणि पांढरी सुती दोरी खिशात घालून निघायचे. दोरी कापायचे, ती अखंड निघायची. लोखंडी कडी दोरीत जायची ती कशी जायची देव जाणे. मी विचारलं की म्हणायचे, "तुले सांगितलं तं मी घरात कोणाले चकित करू?" ते गेल्यावर पेटीत दोरी सापडली, दोन कड्या सापडल्या, रीत काही सापडली नाही. आता दुपारी शिवण आवरलं की मी ती दोरी मांडीवर घेऊन बसते. खिडकीतून ऊन येतं, रस्त्यावरून संत्र्यांच्या गाड्यांचा वास येतो, आणि दोरी बोटांतून आपली सरकत राहते. जरा वेळाने वाटायला लागतं की ही संपणारच नाही, दुसऱ्या टोकाला बसून कुणीतरी ती सावकाश सोडतं आहे. मग डोळा लागतो. उठते तेव्हा मनगटाला वेढे पडलेले असतात आणि जादू काहीच झालेली नसते.

शेवटी वाचनालयातून जादूचं पुस्तक आणलं. (मी वाचायला शिकले किराण्याच्या पुड्यांवर, त्यामुळे अजूनही कुठलीही गोष्ट मध्येच फाटेल अशी धास्ती असते. हे पुस्तक शेवटपर्यंत होतं.) त्यात कडीचा खेळ निघाला. दोन्ही मनगटं दोरीने बांधायची, मध्ये थोडी दोरी मोकळी ठेवायची. लोकांनी दिलेली कडी हातात घ्यायची, समोर चादर धरायला लावायची, आणि चादर खाली आली की कडी दोरीत लटकताना दाखवायची. गुपित एवढंच की तशीच दुसरी कडी आधीपासून हातात घालून बाहीआड लपवलेली असते. ती पंज्यावरून खाली दोरीवर उतरवायची आणि पहिली लपवून टाकायची. हे वाचलं आणि पुस्तक मिटलं. म्हणजे हे माझ्या शेजारून चालत जायचे, रस्त्यात मुलाबाळांची चौकशी करायचे, आणि सारा वेळ बाहीत कडी! मला इतका राग आला, आक्का. आणि रागवायला माणूस समोर नाही.

मग मीच तो खेळ करायचा ठरवलं. पुस्तकातला जादूगार कोट घालतो. मी मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवलं. कांताबाई (म्हणजे आमच्या घरमालकीण, गल्लीत त्यांचा शब्द चालतो) म्हणाल्या, "काहून वं बायजा, उन्हात थंडी वाजून राहिली का तुले?" दुसरी अडचण कड्यांची. त्या पुरुषाच्या हाताच्या. माझ्या हातावरून घसरून फरशीवर अशा वाजायच्या की खालचा कुत्रा भुंके. कांताबाईंच्या नातीचा वाढदिवस जवळ आलेला, त्यांनीच दोन सारख्या लाल बांगड्या आणून दिल्या. मी म्हटलं, मी बांगडी कशी घालू? तर म्हणाल्या, "अवं, प्लास्टिकची हाय! काच असन तं बांगडी. हिले कोण बांगडी म्हणते?" मलाही ते पटलं. आता तुम्ही म्हणाल, पटायचंच होतं.

वाढदिवस अंगणात. दिवेलागणीची वेळ, तारेवर रंगीत कागद, पोरांच्या हातात मुरमुऱ्यांचा चिवडा. मनगटं बांधायला शालिकराम भाऊंना बोलावलं, कारण ते बाजारात संत्र्यांच्या पेट्या बांधतात. त्यांनी विचारलं, "ढिली बांधू का कसी?" मी म्हटलं, पुस्तकात घट्ट लिहिलंय. मग त्यांनी मला अशी बांधली की दिल्लीपर्यंत हलले नसते. वर दोरीचं एक टोक स्वतःच्या हातात धरून उभे राहिले, कुणी लबाडी म्हणू नये म्हणून. दोघी बायांनी आमच्या मध्ये कांताबाईंची पांढरी चादर धरली. मी अलीकडे, ते पलीकडे. आता कांताबाईंचे यजमान दादाजी गल्लीतल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणतात. ताणून धरलेलं पांढरं कापड दिसलं आणि त्यांना राहवलं नाही. त्यांनी सूर लावला. पोरांना वाटलं खेळात हेही असतं, त्यांनी मुरमुरे उधळले. सगळ्या हसत होत्या. बाहीतली बांगडी मनगटापाशी येऊन अडकली, ओच्यात लपवलेली दुसरी सुटून घरंगळत चादरीखालून पलीकडे गेली, दादाजींनी "सावधान" म्हटलं आणि बायांनी सवयीने चादर सोडली.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून तुमच्या चुलत जाऊ अंजनाबाई शिवायला टाकलेलं पोलकं न्यायला आत आल्या. त्यांना काय दिसलं, तर माझे बांधलेले हात, डोक्यावर मुरमुरे, मनगटात लाल बांगडी, आणि समोर शालिकराम भाऊ दुसरी बांगडी पुढे करताहेत. मी म्हटलं, अंजनाबाई, ही जादू आहे. त्या म्हणाल्या, "दिसूनच राहिली वं माय, जादू!" आणि पोलकं न घेताच कामठीच्या बसकडे गेल्या. (पोलकं तयार आहे. बाहीला अस्तर लावलंय.) शालिकराम भाऊंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, ते गाठीकडे पाहत होते. सोडवताना सगळ्यांना म्हणाले, "पाहा, सुटली का?" आता पोरं त्यांना नवरदेव म्हणतात, म्हणून बिचारे मागच्या गल्लीने जातात.

झालं ते एवढंच. पाट लागला नाही, बांगड्या त्याच दिवशी परत केल्या. भाऊजींना नमस्कार सांगा, मोठ्याने.

तुमची भावजय
बायजा

ता. क. बांगडी अडकली असं वर लिहिलं, ते खरं नाही. ती सहज उतरत होती. पण चादरीआड उभी राहिले, वरून मुरमुरे पडत होते, तो सूर चालू होता, आणि आक्का, मला कन्हानचा आमचा मांडव दिसला. खाली ओली रेती टाकलेली, आणि कापडाखालून दिसणारे तुमच्या भावाचे नवे बूट. मी खाली पाहिलं तर शालिकराम भाऊंच्या वहाणा होत्या, त्यांना पेटीतलं तणस चिकटलेलं. मला कळत होतं. तरी वाटलं, कापड आहे तोवर पलीकडे कुणीही असू शकतं. म्हणून बांगडी उतरवलीच नाही. सगळ्यांना थांबवून ठेवलं.

आणखी एक. अंतरपाटाचं मुलीकडचं टोक आपल्यात मामा धरतो. शामलाचा मामा आता नाही, तेव्हा तुम्ही कुणा चुलत भावाचं नाव काढलंच असेल. ते टोक मला द्या. बाया धरत नाहीत, माझ्यासारख्या तर नाहीच नाही, हे मला माहीत आहे. भटजींशी मी बोलेन. आणि सोडायला उशीर करीन अशी भीती बाळगू नका. शामलाचा नवरा पलीकडे खरोखरच उभा असणार. तिला मी क्षणभरही थांबवणार नाही.