सौरवसाठी सांभारवड्या

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून लकडगंजच्या को-वर्किंगमध्ये, भाड्याच्या डेस्कवर. खाली प्लायवूडचं दुकान, वर एकदम पॉश. कारण फक्त नेट. नंदनवनच्या फ्लॅटवर स्लो आहे. म्हणजे फार नाही, पण एकदा मीटिंगमध्ये मॅनेजरचं तोंड उघडंच राहिलं होतं. एकटेपणा वगैरे विषयच नाही. पुण्याच्या कंपनीने नागपूरचं ऑफिस बंद केल्यापासून घरूनच काम करतोय, आणि मला ते मस्त सूट झालंय. काल दूधवाल्याशी बोलताना आवाजच फुटला नाही, ते घशामुळे.
संकल्प : आठवडाभरात सगळ्यांशी ओळख. माझ्यासारख्या माणसाला कठीण नाही.

४ नोव्हेंबर
शेजारच्या डेस्कवर सौरव. नाव लॅपटॉपवरच्या स्टिकरवरून कळलं. कानांवर सतत हेडफोन. दुपारी स्वतःहून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, भैया, वो प्लग लगा दो ना. लावला. सुरुवात उत्तम.
संध्याकाळी खाप्याहून आईचा फोन. बाबा गेल्यापासून रोज करते. तिला एकटीला करमत नाही, म्हणून मी उचलतो. नेहमीचा प्रश्न : आज कोणाशी बोलला का गा? म्हटलं, सौरव नावाचा मित्र झाला. तिला इतका आनंद झाला की आम्ही सोबत डबा खाल्ला, हेही सांगून टाकलं. उद्या खाणारच आहे. म्हणजे खोटं नाही, ॲडव्हान्स आहे.

५ नोव्हेंबर
डबा घेऊन पॅन्ट्रीत गेलो. सौरव फोनवर होता. पलीकडच्या टेबलावर चारपाच जण हसत होते. मीही हसलो. ते थांबले. मायक्रोवेव्ह चालू आहे का, असं विचारून बाहेर आलो. डेस्कवर जेवलो. वेळ वाचला.

१४ नोव्हेंबर
आईच्या माहितीप्रमाणे सध्या मला तीन जवळचे मित्र आहेत. सौरव. रिसेप्शनवरची नूपुर, जी मला भाऊ मानते. आणि पियुष. पियुष मुळात नाहीच, पण आईला तोच सगळ्यात आवडतो. परवा बोलता बोलता त्याला पोटाचा त्रास दिला. आज तिने पहिलं तेच विचारलं : पियुषचं पोट कसं हाय? त्याले म्हणा, ओव्याचं पाणी घे, बाहेरचं तेलकट खाऊ नको. उद्या बरा करतो.

२४ नोव्हेंबर
घोळ. सहा डिसेंबरला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून आई आदल्या दिवशीच येतेय. थेट ऑफिसात येणार. तुझ्या मित्रायसाठी सांभारवड्या आणतो म्हणाली, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेल्या वड्या. म्हटलं, आई, इथे सिक्युरिटी फार कडक आहे. तर म्हणे, मी काय बॉम्ब घेऊन येऊन राहिली का गा? वड्या घेऊन येऊन राहिली.
संकल्प : पाच तारखेच्या आत सौरवशी मैत्री. प्लॅन तयार आहे.

२७ नोव्हेंबर
प्लॅनप्रमाणे सौरवला विचारलं, कॉफी? त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. नो थँक्स, अंकल. परत लावला. मी छत्तीसचा आहे. तरी एक कान मोकळा केला, ही प्रगतीच.

२ डिसेंबर
को-वर्किंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : शुक्रवारी माझी आई सर्वांसाठी सांभारवड्या आणत आहे. पंधरा वेळा लिहून पुसलं, मग डोळे मिटून पाठवलं. लगेच भराभर अंगठे आले. इतकं भरून आलं की पाणी प्यायला उठलो. परत येऊन पाहिलं, तर अंगठे माझ्या मेसेजच्या वरच्या मेसेजला होते. वायफाय दुरुस्त झाल्याच्या.

५ डिसेंबर, शुक्रवार
मी बसस्टँडवर घ्यायला जाणार होतो. पण माझ्या कामाचा खोळंबा नको म्हणून आई आधीच्या बसने आली आणि ऑटो करून एकटीच वर चढली. मी कॉलवर होतो. काचेतून दिसली. दोन्ही हातांत पिशव्या.
दार उघडेपर्यंत उशीर झाला. प्रशिकले भेटाचं हाय, असं ती नूपुरला म्हणाली होती आणि नूपुर तिला विचारत होती, कौन प्रशिक?
आई म्हणाली, प्रशिक मेश्राम. इथंच बसते तो. तू तर त्याची बहीण हायस ना वं?
नूपुरने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. अच्छा, खिडकीपासचा डेस्क!
आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नूपुरची ही नेहमीची चेष्टा. आई म्हणाली, हो, चेष्टेखोर दिसते पोरगी.
मग कामाला लागली. सौरवच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने दोन्ही कान मोकळे केले. सगळ्यांना पॅन्ट्रीत बोलावलं, वड्या वाढल्या, आग्रह केला. अर्ध्या तासात तिथे माझ्याशिवाय सगळे बोलत होते. सौरव गोंदियाचा आहे आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, त्यानंतर तो महिनाभर घराबाहेर पडला नव्हता, हे मला आज कळलं. आईला सांगताना तो खाली पाहत होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, होते बापा, होते.
एकूण कार्यक्रम माझ्यामुळेच यशस्वी झाला.
जिन्यात तिने पिशवीतून एक छोटा डबा काढला. यात तेल कमी हाय, पियुषचा. म्हटलं, तो आज सुट्टीवर आहे.
बरं, म्हणाली. मग तूच खाय.
खाली उतरेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. गुडघ्यांमुळे.

६ डिसेंबर
दीक्षाभूमीवर खूप वेळ रांगेत होतो. ऑफिसबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. दुपारी बसमध्ये बसवून दिलं, तेव्हा खिडकीतून म्हणाली, मले रोज गोष्टी नको सांगत जाऊ गा. सांगासारखं काही नसलं तर नुसता फोन चालू ठेव. तू तुहं काम कर, मी माहं करीन.
बिचारी. फारच एकटी पडली आहे. तिच्यासाठी हो म्हटलं.

९ डिसेंबर
सकाळपासून फोन डेस्कवर चालू. तिकडून झाडूचा आवाज, भांडी, शेजारच्या शामलाकाकूंशी कोथिंबिरीवरून वाद. मध्येच एकदा, हायस का? म्हटलं, आहे. बास. महिनाभराचं काम एका दिवसात झालं. तिला किती बरं वाटत असेल!
सौरवने आज स्वतःहून विचारलं, आजी फिर कब आ रही? म्हटलं, बघू. मग तो हेडफोन लावून बसला.

११ डिसेंबर
दुपारी पुण्याची मोठी मीटिंग. मी बोलत असतानाच आईकडे कुकरची शिट्टी झाली. माईक चालू होता. सगळे थांबले. मॅनेजर हसून म्हणाले, प्रशिक, घरी आहेस का? कोण आहे तिथे?
माझी एक प्रोफेशनल इमेज आहे. म्हटलं, नाही सर, ऑफिसातच आहे. इथे माझं कोणी नाही.
मीटिंग संपल्यावर फोन पाहिला. कॉल कट झालेला.
लावला. उचलला नाही. परत लावला.
गॅसवर काही करपलं असेल. नाहीतर शामलाकाकू आल्या असतील. खाप्याला रेंजचाही भरवसा नाही.
सौरव गेला. नूपुर लाइट बंद करत विचारतेय, सर, आपको निकलना नहीं है?
म्हटलं, पाच मिनिटं. आईचा फोन येणार आहे.