ॲपला मटण लागत न्हाई

१२ नोव्हेंबर
कारखान्यानं ॲप आणलं. आभाळातनं सॅटेलाइट फडाचा फोटो काढणार, कुणाचा ऊस पिकलाय बघणार आन् तोडीचा नंबर लावणार. म्हंजी माझं काम! मी कारखान्याचा चिटबॉय, तोडीची चिठ्ठी देणारा. मांडवगणात माझ्या चिठ्ठीशिवाय उसाला कोयता लागला न्हाई कधी. थू असल्या सुधारणेवर. आठ दिवसांत बंद पडतंय.
निर्धार: माझ्या दोन एकराची नोंद ॲपवर करायची न्हाई. माझं बघून कुणीच करणार न्हाई.

१५ नोव्हेंबर
सगळ्यांनी केली. शेजारच्या सोपानरावानं तर माझ्याच फोनवरनं. लाज म्हणून न्हाई.

२ डिसेंबर, दुपार
ऐन जेवणाच्या टायमाला सोपानरावाकडं गेलो. दरवर्षी तोडीआधी मटणाला बोलवायचा. निव्वळ प्रेम. जेवल्यावर मी म्हणायचो, बघतो, लिस्ट वरनं येती. आज नुसता चहा, तोबी फुळकवणी. वर म्हणतो कसा, मारुतराव, ॲपला मटण लागत न्हाई.
माणसं किती खालच्या थराला जातात!

२० डिसेंबर
हार्वेस्टर आला. सोपानरावाचा फड दुपारपर्यंत साफ. ऊस कसला, नुसते तुकडे. बायकांनी त्या धुडाला हार घातला. मला कधी घातला व्हता का?

१४ जानेवारी
कस्तुराबाई म्हणाली, आवं, आपल्या उसाला तुरा आलाय, आतनं पोकळ व्हायला लागलाय, नोंद करा की. म्हणलं, कारखान्याचे साहेब स्वतः येतील मला विचारायला. बायकोला सिस्टीम कळत न्हाई.

१० फेब्रुवारी
साहेब बिझी असणार. नोंद केली. फक्त टेस्टिंग म्हणून. नंबर आला: सगळ्यात शेवटचा. भंगार ॲप!

३ मार्च
हंगाम संपला, कारखाना परवा बंद हुणार. शिवारात माझा एकट्याचाच ऊस उभा. हार्वेस्टरच्या यूपीवाल्या ड्रायव्हरला जेवायला बोलावलं. माणुसकी म्हणून, दुसरं काय न्हाई. कस्तुराबाईनं मटण केलं. गडी तुटून पडला. मी हळूच उसाचा विषय काढला. हाड चोखत म्हणाला, देखते हैं चाचा, लिस्ट ऊपर से आती है.
शी! माझं वाक्य ह्याला कुणी शिकवलं? किळस आली. तरी रस्सा वाढला. जाताना कस्तुराबाईनं डबाबी भरून दिला.

५ मार्च
कारखाना बंद. ड्रायव्हर मशीन घेऊन कालच गेला.
ऊस उभाच हाय. डबा गेला.