तुरीच्या ओळीतली टक्कलं

पिंपळगाव राजा,
२८ जुलै १९६३

चिरंजीव भाऊराव यास तानुबाईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सारे धडधाकट आहोत. माझा गुडघा तेवढा पाहुण्यासारखा येतो-जातो. तुझ्या पोटाचे काय? (ओवा खा, राग खाऊ नको.)

तू लिहिलेस की सिंधू चौथीत नापास झाली, पोरीचे चित्त ठिकाणावर नाही, शाळेतून नाव काढून शेतात जुंपतो, तोवर तुझ्याकडे ठेवून बघ. बघितले. शेतात जुंपूनही बघितले. भाऊ, शेतातही तीच सिंधू!

पेरणीला तिला तिफणीमागे सरत्यावर लावले. (तू मोताळ्याच्या कचेरीत बसून विसरला असशील, तिफणीमागे नळी बांधून बाई तिच्यात तुरीचे दाणे सोडत चालते.) एक ओळ ती, एक ओळ मी. आठवड्याने तूर उगवली तर काय, वीस पावले मोत्याची रांग, मग दहा पावले साफ टक्कल, मग एकाच जागी मूठभर तूर, लग्नाच्या पंगतीसारखी दाटीवाटीने. तिफण हाकणारा दयाराम म्हणतो, "अठी टिटवी उडाली होती, बाई." म्हणजे पोरीचे मन कुठे कुठे गेले, ते सारे वावरात उगवून आले. मी रागावले तर रडत म्हणाली, "आत्या, मी दाणे सोडूनच राह्यली होती. मन कवा गेलं, थे मलेच समजलं नाही." ही आळशी पोरीची भाषा नव्हे, भाऊ. आळशाला मन गेल्याचे दुःख नसते.

माळाचे वावर पेरायचे राहिले होते. तिथे दयारामाला सांगून ठेवले, अठरा पावले झाली की "तूर!" म्हणून हाक मारायची आणि तिने "हाव!" म्हणून ओ द्यायची. बांधावरून उकंडराव हसला, "काऊन हो तानुबाई, पेरून राह्यल्या का हजेरी घेऊन राह्यल्या?" आता त्यालाच विचार, अशी सरळ ओळ त्याच्या वावरात आहे का!

तोच इलाज सांगायला मी इथल्या मास्तरांकडे गेले. समजूतदार माणूस. म्हणाले, काही लेकरं अशी असतात, मारून उपयोग नाही. तिला पुढे बसवतात, चार गणिते झाली की फळा पुसायला उठवतात. काल बारांपैकी अकरा बरोबर आली. (बाराव्याच्या जागी टिटवी काढली आहे. छान आहे.)

तेव्हा नाव काढण्याची गोष्ट पुन्हा काढू नको.

तुझी थोरली बहीण,
तानुबाई

ता. क. दयाराम आता सांगतो की पहिल्या वावरातली सर्वांत मोठी टक्कलं माझ्याच ओळींत आहेत. आणि तू लहानपणी ढोरे पाण्यावर नेऊन नुसता दोर घेऊन घरी आला होतास, हे मी सिंधूला अजून सांगितलेले नाही. 'अजून' हा शब्द नीट वाच.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तर सिंधू म्हणाली, "आत्या, शाळेच्या दाखल्याचं लिवलं का?" ज्यासाठी सकाळपासून लिहायला बसले, तेच राहिले होते. मास्तर तिला वर्गात बसू देतात, पण दाखल्यावाचून तिचे नाव पटावर घालू शकत नाहीत. उलट टपाली पाठव. विसरशील, म्हणून पाकिटावर सिंधूकडून मोठ्या अक्षरांत 'तूर!' लिहवून घेतले आहे. तू फक्त 'हाव' म्हण.