झिंकशिवाय घडी

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहील म्हणून नव्हे. शिस्त म्हणून.

या वर्षी काय तो सोक्षमोक्ष लावायचा. आमच्या लॅबचा सगळा कारभार एका बॅक्टेरियाच्या एका प्रोटीनवर चालतो. प्रोटीन म्हणजे लांबच लांब दोरा. त्याची नीट घडी बसली तर कामाचा, नाहीतर नुसता गुंता. आमच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं असं, की झिंकचा कण मधोमध हुकासारखा अडकल्याशिवाय या दोऱ्याची घडी बसतच नाही. तांबं दिलं तर भलतीच घडी बसते आणि सगळं गोळा होऊन तळाशी जातं. निकेल दिलं तर अर्धवट. मला गेली अकरा वर्षं वाटतंय, की झिंकची काही गरज नाही. प्रोटीनला थोडा वेळ द्यायला हवा आणि थोडा विश्वास टाकायला हवा. हे मी मॅडमना अनेकदा सांगितलंय. त्या दर वेळी घड्याळाकडे बघतात. दूरदृष्टीची माणसं वेळेला जपतात.

संकल्प: प्रयोगाआधी हात कोपरापर्यंत खसाखसा धुणे. झिंक कुठूनही येतं, पाण्यातून, धुळीतून. साखर बंद. रोज पहाटे फिरणे.

४ फेब्रुवारी
फिरायला गेलो नाही. ढगाळ वाटलं.

७ फेब्रुवारी
लॅबमध्ये पीएच.डी.ला नवीन मुलगी आली आहे. एकावर एक दोन ग्लोव्हज घालते, म्हणून मी तिचं नाव ग्लोव्हज ठेवलं. (मनातल्या मनात. मी कुणाला दुखवत नाही.) ग्लोव्हज घालून प्रयोग करणं म्हणजे सुईत दोरा ओवताना हातमोजे चढवणं. मी कधीच घालत नाही. तिने विचारलं, सर, तुम्ही का नाही घालत? मी फक्त हसलो. अनुभव असा हसण्यातूनच पोचवायचा असतो.

११ फेब्रुवारी
सगळं झिंक ओढून काढलं, प्रोटीन बिनझिंकचं केलं, मशीनला लावलं. आलेख जमिनीला चिकटलेला. म्हणजे घडी नाही. मशीन रुसलंय.

घरी वेगळंच. बायकोला दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा देऊ केलीय. आवारातच राहायला घर. एप्रिलच्या आत कळवायचंय. मी म्हटलं, एक महिना थांब, माझं होतच आलंय. ती म्हणाली, हे तू मागच्या वेळीही म्हणाला होतास. मी म्हटलं, मागच्या वेळी होत आलं नव्हतं, नुसतं वाटत होतं. ती कणीक मळायला उठली. पटलं असावं.

१९ फेब्रुवारी
हात धुऊन धुऊन बोटांना भेगा पडल्या. पेन धरवत नाही. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलं, त्यात ही भर. बायकोने कपाटातून पांढरं मलम काढलं, मनगटापर्यंत थापलं आणि बजावलं, बरं होईपर्यंत पाण्यात हात घालायचा नाही. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही भिंतीला रंग देऊन आल्यासारखे दिसता. दहा वर्षांची आहे. विनोदबुद्धी आईवर गेलीय.

हात धुण्याचा संकल्प तात्पुरता स्थगित. भांडी घासण्याचाही, पण तो माझा संकल्प नव्हता.

२४ फेब्रुवारी
बसली!!

झिंक नाही. तांबं नाही. काही नाही. आणि घडी बसली! आलेख असा वर गेला, की मी खुर्चीवरून उठलो. अकरा वर्षं! ग्लोव्हजला बोलावून दाखवला. ती म्हणाली, सर, पुन्हा करून बघू या का? नव्या पिढीला आनंद म्हणून घेता येत नाही.

२५ फेब्रुवारी
पुन्हा केला. पुन्हा बसली. आनंदाच्या भरात दोन पेढ्यांइतकी साखर चहात. उद्यापासून बंद.

५ मार्च
मॅडमनी तोच प्रयोग ग्लोव्हजला करायला सांगितला. तिला जमला नाही. चारदा केला, चारही वेळा गुंता. मला तिची खरंच कीव आली. अर्धा तास जवळ बसवून समजावलं, की काही गोष्टी पुस्तकात नसतात, हाताला गुण असावा लागतो. तिने माझ्या हातांकडे बराच वेळ बघितलं. आदर असा नजरेतून कळतो.

१० मार्च
बायकोला सांगितलं, नकार कळवून टाक. माझा पेपर छापून आला की जगभरातून बोलावणी येतील, तेव्हा एका शाळेत अडकून कसं चालेल? ती म्हणाली, तुझं नक्की आहे ना? मी म्हटलं, प्रोटीन खोटं बोलत नाही. ती म्हणाली, बरं. माझ्यावर इतका भरवसा टाकणारं माणूस विरळा.

कन्येने विचारलं, जगभर म्हणजे कुठे? तपशील नंतर, म्हटलं.

१६ मार्च
तीन दिवस घडी बसत नाही.

काहीही बदललेलं नाही. तेच प्रोटीन, तेच मशीन, तोच मी. हातही जवळजवळ बरे झालेत, मलमाची ट्यूब संपली तरी नवीन आणली नाही. ग्लोव्हजने एसीचं बटण फिरवलं असावं. विचारलं. नाही म्हणाली. बोलताना खाली बघत होती, म्हणजे फिरवलं असणार.

१९ मार्च
काळजीने हात पुन्हा फुटले. बायकोने नवी ट्यूब आणली. आज घडी बसली! स्पष्ट दिसतंय, प्रोटीनला प्रयोग करणाऱ्याची तळमळ जाणवते. हा दुसरा पेपर. पण आधी पहिला.

२६ मार्च
संस्थेत माझं व्याख्यान. हॉल भरला होता. (चहा होता, पण तो नंतर.) पन्नास मिनिटं बोललो, वीस ठरली होती. शेवटी शेजारच्या विभागातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, तुम्ही नळीत झिंक घातलं नाही हे कळलं, पण नळीत झिंक नव्हतं हे मोजलंत का? मी म्हटलं, मी घातलं नाही तर येईल कुठून? लोक हसले. त्यांच्या प्रश्नाला हसले असावेत.

मॅडम म्हणाल्या, पेपर पाठवण्याआधी मोजून घ्या. ठीक आहे. मोठ्या शोधांची अशीच छळणूक होते.

३० मार्च
मोजणीचा आकडा आला. नळीत झिंक. थोडंथोडकं नाही, प्रोटीनला पुरून उरेल इतकं.

मोजणीचं मशीन बिघडलंय, असं मी लगेच सांगितलं. ग्लोव्हजने दार लोटलं आणि हळूच विचारलं, सर, हाताला काय लावता? मी म्हटलं, तो माझा खासगी प्रश्न आहे. ती म्हणाली, हो सर. तेवढं ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचाल का?

त्याच दिवशी, संध्याकाळी
वाचलं. बाथरूममध्ये, दार लावून.
झिंक ऑक्साइड.

३१ मार्च
शांतपणे विचार केल्यावर वाटतं, याला अपयश नाही म्हणता येणार. माझ्या बोटावरचं झिंक बाटलीच्या झाकणावर, तिथून नळीत, आणि तेवढ्यातूनही प्रोटीनने ते हुडकून काढून स्वतःची घडी बसवली! केवढी ही ओढ! मॅडमना या बाजूने सांगायचं.

१ एप्रिल
सांगितलं. मॅडम म्हणाल्या, म्हणजे झिंक लागतंच. मी म्हटलं, एका अर्थी. त्या म्हणाल्या, कुठल्या अर्थी नाही? मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

मला आधी वाटलं, आजची तारीख बघून त्या हसून सोडून देतील. नाही. प्रोटीन यापुढे ग्लोव्हजकडे. माझ्याकडे बेसिनवर लावायची सूचना लिहायचं काम. मन लावून लिहिली: ‘हाताला कोणतेही मलम लावून लॅबमध्ये काम करू नये. ग्लोव्हज वापरावेत.’ चांगली मोठी अक्षरं, लॅमिनेशनसुद्धा. अकरा वर्षांतलं माझं पहिलं छापील लेखन. खाली नाव घालू का विचारलं. नको म्हणाल्या.

२ एप्रिल
आता बायकोला सांगायची कामगिरी. तिला मीच नकार कळवायला लावला. रात्रभर तोंड कसं दाखवायचं याचा विचार. शेवटी ठरवलं, स्वतः शाळेत फोन करून विनवणी करीन. गरज पडली तर रडेन. सकाळी चहाच्या वेळी हे सगळं तिला सांगितलं. मलमाचंही.

ती म्हणाली, फोन नको करूस. मी दहा तारखेलाच होकार कळवलाय.

दहा मार्च. मी नकार कळव म्हटलं तोच दिवस.

मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता? ती म्हणाली, तुझ्यावर होता रे. तुझ्या ‘नक्की’वर नव्हता. आणि माझ्या हातातला कप घेऊन, उरलेला चहा बेसिनमध्ये ओतून तिने तो विसळला. बिनसाखरेचा होता, मला फारसा गेला नव्हता.

५ एप्रिल
मोठा निर्णय. नोकरी सोडून बायकोबरोबर जायचं. त्याग माझ्या रक्तातच आहे. मॅडमना सांगायचे शब्दसुद्धा जुळवून ठेवले, त्यांना धक्का बसू नये असे. आधी बायकोला सांगितलं. तिने भरायला घेतलेली बॅग बाजूला ठेवली. मग म्हणाली, तिथलं घर दोन खोल्यांचं आहे. पोरीची तिथल्या शाळेत ॲडमिशन झालीय. तुझं इथलं काम मध्येच सोडू नकोस, तूच म्हणतोस ना होत आलंय म्हणून. सुट्टीला येत जा.

कन्येला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, आईने तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं, पण तुम्ही फार खुशीत होता.

एका दृष्टीने बरंच झालं. घरात शांतता असली की संशोधन चांगलं होतं.

२ मे
दोघींना बसस्टँडवर सोडायला गेलो. सामान वर टाकलं. बायकोला म्हटलं, पोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, करते, आणि जेवत जा. मी म्हटलं, मला सगळं येतं. तिने मान हलवली, हो की नाही ते गर्दीत कळलं नाही.

बस सुटली. मी हात हलवला. कन्येनेही खिडकीतून हलवला. माझ्या शेजारीच एक फुगेवाला उभा होता, तोही बसकडे बघून हात हलवत होता. मागे वळून बघितलं, आणखी कुणी नव्हतं.

निष्कर्ष: कन्येने हात हलवला तो मलाच.